पुष्पलताबाईंचे हात भरले

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायची ही गोष्ट नाही. साखरशेत गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी जे घडलं ते सांगायचं आहे. हसू येईल तेव्हा खुशाल हसा. काल्याला हसलेलं देवाला चालतं, त्याचेच तर सगळे उद्योग.

तुळशीदासबुवा आठवडाभर जव्हारच्या एका कचेरीत कारकून आणि सुटीला कीर्तनकार. शेतकऱ्याघरचा माणूस, गळा खणखणीत, आणि स्वभाव असा की विठ्ठलाचं नाव घेतानाही गालात हसू. बुवा उभे राहणार असं कळलं की दाभोशाकडून माणसं जिपा भरून येत. त्यातही काल्याचं कीर्तन बुवांनीच करावं असा सगळ्यांचा हट्ट, कारण बाळकृष्णाच्या खोड्या सांगाव्यात त्या बुवांनी. अख्खा मंडप हसून लोळे.

हसत नसे ती एक हर्षाली. बुवांची एकुलती एक लेक. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती आईशेजारी पहिल्या रांगेत बसे. मंडप हसला की आजूबाजूच्या तोंडांकडे बघे आणि मग, बापाला वाईट वाटू नये म्हणून, जरा मागाहून हसे. ते मागाहूनचं हसू बुवांना लगेच ओळखू येई. बाकी सारी माणसं हसत असली तरी बुवांची नजर त्या एका चेहऱ्यावरच जाई.

यंदा हर्षाली नाशिकच्या निवासी शाळेतून सुटीला आली ती एक नाटक डोक्यात घेऊनच. शाळेने मुलांना नाटकाला नेलं होतं. रंगमंचाच्या एका कडेला त्यांच्या पुष्पलताबाई उभ्या राहिल्या आणि नट जे जे बोलले ते त्यांनी खुणांच्या भाषेत मुलांना सांगितलं. हर्षालीने ते नाटक घरी करून दाखवलं. चुलीपुढे दाखवलं, अंगणात दाखवलं, भाकरी खाता खाता दाखवलं, आणि दर वेळी स्वतःच आधी हसली. बुवांना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखलंही. कुठल्या परक्या नटाने त्यांच्या लेकीला हसवलं होतं, आणि बाप तालुका हसवत फिरत होता.

तेव्हा बुवांनी बाईंना फोन लावला आणि काल्याला याच, म्हणून गळ घातली. बाई तयार झाल्या. फक्त त्यांनी विचारलं की संहिता कधी पाठवता, म्हणजे तालीम करून ठेवता येईल. बुवा म्हणाले, संहिता पांडुरंगाकडे असते आणि तो ती ऐन वेळी देतो.

काल्याच्या सकाळी बाई जिपेतून उतरल्या आणि मंडपात कुजबूज सुरू झाली, कारण बाई काळ्या साडीत होत्या. काठ नाही, बुट्टी नाही, नुसती काळी. मागचं साधं काळं असलं की हात उठून दिसतात, नाटकालाही हेच नेसते, असं बाईंनी समजावलं. पण विणेकरी अडून बसले. काल्याला काळं नेसून देवापुढे उभं राहायचं म्हणजे काय, असा त्यांचा सवाल.

बुवांची बायको जयश्रीताई फुलं निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तो विटेवर उभा आहे, तो काय गोरा आहे?"

विणेकऱ्यांनी वीणा गळ्यात घातली आणि विषय संपला.

कीर्तन सुरू झालं. बुवा मधोमध, मागे टाळकरी, एका अंगाला पखवाज घेऊन मंगेश, आणि दुसऱ्या अंगाला, हर्षालीला नीट दिसतील अशा, पुष्पलताबाई. बुवांनी देवाचं वर्णन आरंभलं. कमलनयन झाला, मेघश्याम झाला, गरुडवाहन झाला, एकातून दुसरं विशेषण निघत एवढी लांब माळ झाली की शेवटी बुवांनाच दम लागला. बाईंनी एक बोट वर केलं, ओठांवर बासरी धरली आणि हात खाली घेतले. झालं.

मंडप खुसखुसला. बायका आता बुवांकडे बघेनात, बाईंकडे बघू लागल्या. बाईंनी लोणी म्हटलं की इकडच्या रांगाच्या रांगा हवेत लोणी चाटू लागल्या. मंगेश तर पखवाजावर बुवांचे शब्द सोडून बाईंच्या हातांना साथ करायला लागला. बुवांनी त्याच्याकडे एकदा डोळे वटारून पाहिलं. त्याने ते भक्तीचं लक्षण समजून आणखी जोरात वाजवलं.

पण बुवांचं खरं लक्ष होतं हर्षालीवर. तिला सगळं समजत होतं, यात शंका नाही. ती वर्गात बसल्यासारखी बसली होती, मधून मधून मान डोलावत होती. बुवांनी पहिला विनोद सोडला, मंडपात हसू फुटलं, बाईंनी तो विनोद प्रामाणिकपणे हातांत उतरवला, आणि हर्षाली हसली. पाहुण्यांनी आणलेली मिठाई आवडली नाही तरी छान आहे म्हणतात ना, तसं हसली. दुसऱ्या विनोदाला तसंच. बुवांचा घाम फेट्यातून कानामागे उतरला. त्यांच्या मनात आलं, आजवर मला वाटत होतं पोरीला ऐकू येत नाही म्हणून हसत नाही. मी विनोदीच नसलो तर?

एकच आख्यान उरलं होतं, बुवांचं हुकमी. गौळण लोणीचोराला रंगेहाथ पकडते, तो निसटू नये म्हणून त्याचं मनगट आपल्या पदरात घट्ट गुंडाळते आणि ओढत ओढत यशोदेकडे नेते. वाटेत हा लबाड तिच्या मुठीत आपल्याऐवजी भलत्याचंच मनगट देऊन पसार होतो. यशोदेच्या दारात गौळण पदर सोडते, तर आत तिचा सासरा, मिशांना लोणी. या जागेला हसला नाही असा माणूस जव्हार-मोखाड्यात नव्हता. बुवांनी मनोमन पांडुरंगाला सांगितलं की बाकीचे राहू देत, आज ही एक हसव.

गौळणीने चोराला पकडलं. पदर गुंडाळला. वरात निघाली. आणि नेमकी त्याच वेळी हिरीआजी उठली.

हिरीआजी मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची, मजुरीसाठी साखरशेतात आलेली, म्हातारपणीही ताठ. तिच्याकडे बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून एकेक सोंग वाद्यांच्या ठेक्यावर नाचत येतं. ती सोंगं बोलत नाहीत, नुसते हात आणि पावलं. सोंग समोर आलं की बाया पुढे होतात आणि नारळ, फळं काय असेल ते त्याच्या हातात देतात. तिच्या पाड्याची रीत अशी की सोंगाला दिलेलं भुईला टेकवायचं नाही. आता हिरीआजीने आयुष्यभर हे पाहिलेलं. इथे तिच्यापुढे काळ्या वस्त्रातली बाई, एक शब्द न बोलता, तोंडावर घटकेत राग घटकेत हसू आणून हात नाचवत होती, आणि वाद्यवाला तिला साथ करत होता. आजीला शंका घ्यायला जागाच नव्हती. तिला फक्त एवढंच कळेना की इतकी माणसं बसलीत आणि देवीपुढे कोणी उठत कसं नाही.

ती पुढे गेली, बाईंच्या पायांना हात लावला, आणि त्यांच्या उजव्या हातात नारळ दिला. बाई तो खाली ठेवायला वाकल्या.

"भुईला नको टेकवू गं बाय," हिरीआजी हळूच म्हणाली. "तुझ्याच अंगावर येईल."

बाई नाशिकच्या, देवाधर्माला भिणाऱ्या. त्या वाकलेल्या होत्या तशाच सरळ झाल्या. तेवढ्यात एक उठली हे पाहून दुसरी उठली, दुसरीला पाहून रांग उठली. डाव्या हातात केळ्यांची फणी आली. कोपरात काकडी आली, कोणी परसातला भोपळा आणून दंडाखाली सरकवला. आणि एका लेकुरवाळीने, आलीच आहे देवी तर बाळाला दृष्ट लागू नये म्हणून, आपलं तान्हं पोर बाईंच्या उरलेल्या जागेत ठेवलं आणि कान पकडत मागे सरली.

बाई उभ्या. पोर त्यांच्या काळ्या पदराशी खेळतंय. खुणेला एक बोट मोकळं नाही.

हर्षालीने हात हलवून बाईंना विचारलं, पुढे काय? बाईंनी भुवया उचलल्या. हर्षालीने पुन्हा विचारलं. बाईंनी हनुवटीने भोपळा दाखवला.

गौळण वाटेत, चोर पदरात, आणि गोष्ट अडकली. मग हर्षाली बापाकडे वळली. आजवर कीर्तनात तिने बापाला कधी काही विचारलं नव्हतं. आता तिने त्याच्याकडे बघत तळवा उघडून पुढे केला. सांगा की. मग?

बुवांनी गळ्यातले टाळ काढून टाळकऱ्याच्या हाती दिले. उपरणं कमरेला बांधलं. शाळेची भाषा त्यांना येत नव्हती. येत होत्या त्या फक्त घरातल्या खुणा, हर्षाली शाळेत जाण्याआधी बापलेकीने ओट्यावर बसून बनवलेल्या. त्यांत देव नव्हते, गौळणी नव्हत्या. त्यांत होतं घर, गोठा आणि शेजार. मग बुवांनी काय करावं? गौळण म्हणून त्यांनी शेजारच्या चिमीकाकूची खूण केली: वाटी पुढे, मान वाकडी.

बाईंचे हात भरलेले होते, पण तोंड मोकळं होतं. आणि सवय ती सवय. समोर खुणा दिसल्या तशा त्या मंडपासाठी मोठ्याने बोलू लागल्या. "एक भिकारीण येते."

"भिकारीण नाही हो बाई," जयश्रीताई खालून म्हणाल्या, "चिमी आहे. साखर मागायला येते तेव्हाची."

चिमीकाकू पाचव्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

बुवांनी यशोदा आणली: कमरेवर मूठ, डोळे बटाट्याएवढे, हातात उलथनं.

"एक राक्षसीण," बाई म्हणाल्या.

या वेळी जयश्रीताईंनी दुरुस्ती केली नाही. त्या बुवांकडे बघत राहिल्या. आता मंडपाला हळूहळू उमगलं आणि हसू मागून पुढे सरकत आलं.

मग बुवांनी चोर दाखवला. त्यांनी बोटाने गालावर खळी पाडली आणि जिभेने ओठ चाटला. बाईंना ते समजलं नाही, त्या थांबल्या. हर्षालीला समजलं. ती तिची स्वतःची खूण होती, दुधावरची साय खाऊन पकडली गेली त्या दिवसापासूनची. ती ताठ बसली. बापाने आज तिला बाळकृष्ण केलं होतं.

बुवा चिमीकाकू होऊन त्या चोराचं मनगट हवेतच पदरात गुंडाळून मंडपभर फिरले, घसरले, सावरले, यशोदेच्या दारात आले. पदर सोडला. आता आतून सासरा निघायला हवा. पण सासऱ्याची खूण घरात नव्हती. घरात म्हातारा एकच. बुवांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या वडिलांची, सखाआबांची, खूण केली: झुपकेदार मिशी पिळायची, मान छातीवर टाकायची आणि पोट वरखाली करायचं.

"एक म्हातारा," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मोठ्या मिशा, घोरतो आहे, आणि लोणी यानेच चोरलं."

सखाआबा पहिल्या रांगेत, हुबेहूब त्याच आसनात, घोरत होते. हसणं थांबलं आणि मंडपाच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आबांना त्या शांततेनेच जाग आली. त्यांनी मिशी पुसली आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "मी हात नाही लावला. मला दही बाधतं."

हर्षालीला ते शब्द ऐकू आले नाहीत. तिला दिसला मिशी पुसणारा आजोबा. आणि ती हसली. मंडपाच्या आधी हसली. कोणाच्या तोंडाकडे न बघता, मागे रेलून, आपला आवाज केवढा आहे याची पर्वा न करता, गोठ्यातलं वासरू सुटावं तसं हसली. बाकीचा मंडप तिच्या मागाहून हसला. पखवाज थांबला, कारण मंगेशच त्यावर आडवा झाला होता. बाई हसल्या तशी काकडी निसटली, ती हिरीआजीने वरच्या वर झेलली.

बुवा हसले नाहीत. ते उपरण्याने डोळे पुसत होते, आणि पुन्हा पुन्हा मिशी पिळून दाखवत होते, कारण पोरगी पुन्हा पुन्हा मागत होती.

हंडी फुटली, काला वाटला. कोणीतरी हिरीआजीला समजावलं की अगं आजी, ती देवी नव्हे, शाळेतली बाई आहे, उगाच तिचे हात अडकवलेस. आजीने काला खाता खाता हर्षालीकडे पाहिलं. पोरगी अजून हसतच होती आणि आबांच्या मिशीला दही लावत होती. "मग देवी नव्हती तर हे कोणी केलं?" आजीने विचारलं, आणि सांगणाऱ्यापुढे काल्यासाठी आणखी एकदा हात केला.

त्याने आजीच्या हातावर आणखी काला घातला. तेव्हा एवढंच करा. कुठे कीर्तनाला बसलात, हसून हसून डोळ्यांना पाणी आलं, तर हात जोडताना त्या हिरीआजीची एकदा आठवण काढा.