नानाजींची जामीनकी

"प्रेमसिंग हेमसिंग, हाजर है?"

वाशीमच्या कचेरीच्या व्हरांड्यातून पट्टेवाल्याने दुसऱ्यांदा हाक दिली. कोणी उठले नाही. खांबाला टेकून बसलेले नानाजी फाटकाकडे पाहू लागले. प्रेमसिंगसाठी तेच जामीन राहिले होते.

अनसिंगच्या बाजारात बैलाच्या सौद्यावरून प्रेमसिंगने इंद्रभानच्या डोक्यात काठी घातली होती. पोलिसांनी त्याला नेले, तेव्हा त्याच्या बंजारा तांड्याच्या नायकाने ठाण्यात जाऊन स्वतःची पगडी जमादाराच्या टेबलावर ठेवली. तांड्यात एवढ्यावर माणूस सुटत असे. जमादाराने पगडी परत दिली आणि सांगितले, की जामीनदार हवा, त्याच्या नावावर शेत हवे आणि शेतसाऱ्याची पावती हवी. मग प्रेमसिंगची बायको भुरीबाई नानाजींच्या दारात येऊन उभी राहिली. नानाजींच्या ज्वारीची राखण वर्षानुवर्षे प्रेमसिंगच करत होता. नानाजी पावती घेऊन निघाले.

जामीन म्हणजे रोख रक्कम भरणे, अशी त्यांची समजूत होती. तसे नव्हते. फक्त सही करायची होती. सही झाल्यावर कारकुनाने मजकूर वाचून दाखवला: आरोपी तारखेला हजर झाला नाही, तर लिहिलेली रक्कम जामीनदाराकडून, वेळ पडल्यास शेत विकून वसूल होईल. घरी हे ऐकून त्यांच्या पत्नीने, कस्तुराबाईंनी, "सही कायले केली?" एवढेच विचारले. त्या दिवसापासून नानाजींना घास गिळताना पाणी लागू लागले.

तिसरी हाक झाली. नानाजी उठून मॅजिस्ट्रेटसमोर गेले.

"भांडन मिटलं, साहेब. पंचांनी मिटवलं."

"भांडण मिटलं असेल. खटला मिटलेला नाही."

कोर्ट उठायच्या आत आरोपीला आणा, नाहीतर त्याच्यावर वॉरंट आणि तुम्हाला नोटीस, असे मॅजिस्ट्रेटनी सांगितले. ते रागावले असते तर बरे, असे नानाजींना वाटले. इतक्या शांतपणे सांगितलेली गोष्ट नक्की होणारच.

तांडा वाशीमपासून फार लांब नव्हता, पण उन्हात ती वाट संपेना. प्रेमसिंग लाकूडतोडीला रानात निघून गेला असेल तर? कुठल्या रानात शोधायचे? नांगरलेले शेत डोळ्यांपुढे येई, आणि त्यात कोणी अनोळखी माणूस उभा दिसे.

प्रेमसिंग लिंबाखाली दोर वळत बसला होता.

"आज तारीख होती," नानाजी म्हणाले.

"कायची तारीख? इंद्रभाननं माह्या हातचा गूळ खाल्ला. पंचांनी खाल्ला. नानाजी, तुमी बी खाल्ला."

खाल्ला होता. पंचांसमोर एकमेकांच्या हातचा गूळ खाल्ला, की तांड्यात भांडण संपले असे धरत. वॉरंट, नोटीस, शेत, असे काहीतरी ते सांगू लागले, पण आधीचे नंतर आणि नंतरचे आधी होऊ लागले. खिशातली पावती चाचपताना कागद वाजत होता आणि थांबत नव्हता. प्रेमसिंगने त्या हाताकडे पाहिले. दोर खाली ठेवला आणि पागोटे बांधले.

"आता नेलं तं सोडतीन का?" भुरीबाईने दारातून विचारले. मग तिने भाकरी फडक्यात बांधून दिली.

वाटेला लागल्यावर प्रेमसिंग पुढे निघाला. तो बराच पुढे गेल्यावर नानाजी म्हणाले, "म्होरं काहून चालून राह्यला? संगं चाल."

"म्होरंच बरा हावो. तुमाले दिसत राह्यतो."

वळण आले की प्रेमसिंग थांबे. नानाजी वळणावर पोचत, त्याला पाहत, मग तो पुन्हा चालू लागे. एकदाही त्याने मागे वळून पाहिले नाही. कचेरीची कौले दिसू लागली, तेव्हाही भाकरीचे फडके त्याच्या काखेत तसेच होते.