तबेल्याच्या भिंतीतली भोकं

ओदिल बारोचं पत्र अकरा वर्षं आन्सेल्मच्या शब्दकोशात पडून होतं. 'माझे वडील तुमच्या गढीवर रानरखवालदार होते. गावाने त्यांना फितूर म्हणून मारलं. ते खरंच फितूर होते का?' आन्सेल्म गढीचा ग्रंथपाल आणि रविवारी पाहुण्यांचा वाटाड्या. खरं लिहिलं तर गढीतली खोली जाणार होती. शिवाय लिहिलेलं एकही वाक्य त्याला धड वाटत नसे.

आज तबेल्याच्या भिंतीपाशी त्याने नेहमीचं सांगितलं, "ही फ्रेंच राज्यक्रांतीतल्या गोळ्यांची भोकं."

एका जाड्या पाहुण्याने भोकात बोट घातलं. "कुणाला शेंड्या लावता, आजोबा? मी लढाईत होतो. ही स्टेनगनची आहेत. आणि किती खाली! बिचारा लवकर मेला नसेल."

नव्हताच मेला. चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जर्मन पळाले त्याच दुपारी गावकऱ्यांनी रखवालदार बारोला इथे फरपटत आणलं. बंदुकीच्या दस्त्याने त्याचे दात पाडले होते. "मालकांना विचारा!" तो रक्त थुंकत ओरडत होता. "जर्मनांना हरणं मालकांनीच धाडली!" गढीचे मालक, थोरले काउंट, पायरीवर उभे राहून हातमोजे चढवत राहिले. शिकारीची हरणं बारो जर्मनांकडे पोचवी, आणि त्याला दिलेल्या हुकमाच्या चिठ्ठ्या आन्सेल्मच्या अक्षरातल्या होत्या. तो मालकांच्या मागे उभा होता. गोळ्या पोटात बसल्या. बारो आतडी धरून पायऱ्यांपर्यंत सरपटत आला, तेव्हा लोहाराने डोक्यात घण घातला.

"क्रांतीतली नाहीत," आन्सेल्म म्हणाला. आवाज इतका बारीक, की पाहुणे जवळ सरकले. मग त्याने सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचंसुद्धा.

हे कानावर जाताच धाकटे काउंट शिकारीचा चाबूक घेऊनच आले. पहिल्या फटक्यात चष्मा फुटला, दुसऱ्यात ओठ.

"माझ्या बापावर उलटतोस? बेचाळीस वर्षं इथलं खाल्लंस, म्हाताऱ्या!"

"हो, मालक. खात होतो म्हणूनच गप्प होतो."

तिसरा फटका कानावर बसला. जाड्याने चाबूक हिसकावून घेतला.

"संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर," काउंट म्हणाले.

आन्सेल्मने आधी कागद घेतला. फुटक्या काचेतून अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मोठं लिहिलं. 'तुमचे वडील फितूर नव्हते. हरणं मालकांच्या हुकमाने जात. ते हुकूम मी लिहीत असे. त्यांनी ओरडून सांगितलं. मी ऐकलं आणि बोललो नाही.' ओठातलं रक्त सहीवर टपकलं. पुन्हा नीट लिहावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने कागदाची घडी घालून ती पाकिटात सरकवली आणि वर ओदिलचा पत्ता घातला.

चर्चजवळच्या पिवळ्या टपालपेटीपाशी त्याने शब्दकोश काखेत मारला आणि पाकीट आत सोडलं.