बायकांचा खण

उम्म लैथने संगणकाच्या कमरेइतक्या उंच टॉवरचं झाकण काढून भिंतीला टेकवलं आणि आत हात घालून खण चाचपले. आत आठ. पुढच्या बाजूला आणखी दोन, कुलुपाचे, बाहेर ओढायचे.

"सगळ्या डिस्क आतच बसवू, मावशी," संगणक जोडायला आलेला निदाल म्हणाला. "समोर पंखा आहे, गार राहतील. बाहेरचे खण म्हणजे नुसता नखरा."

"या गुडघ्यांनी मी नखरे करणार? पुरुषांच्या दालनाचं चित्रण आत कोंब. बायकांचं कुलपात. किल्ली माझ्याकडे."

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या लग्नांत बायकांच्या दालनात तीस वर्षं तिनेच कॅमेरा धरला होता. परक्या पुरुषाची नजर पडणार नाही, या तिच्या शब्दावर बायका डोकी उघडी टाकून नाचल्या होत्या. आता कॅमेरा सुनेकडे गेला होता. शब्द तेवढा उरला होता.

निदालने बायकांची जुनी डिस्क कानाशी धरली. "ही टकटक करतेय, फार दिवस नाही टिकायची. नवीवर उतरवतो. पण नीट उतरलं का, ते उघडून बघावं लागेल."

"मी बघीन."

"तुम्हाला जमेल?"

"कुठे दाबायचं ते सांग आणि भिंतीकडे तोंड कर."

तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानला नक्कल पुरी झाली. निदाल भिंतीकडे वळला. ती एकेक लग्न उघडून बघत गेली. डोळे चुरचुरू लागले. सातव्या लग्नात तिचा हात थांबला. केस मोकळे सोडून निदालची आई नाचत होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईने जन्मात फोटो काढू दिला नव्हता. घरात ओळखपत्रावरचा तेवढा चेहरा होता, कपाळापर्यंत झाकलेला.

"उतरलं का, मावशी?"

तिने आवाज बंद केला. खांद्यावरची शाल काढून संगणकाच्या पडद्यावर टाकली आणि दोन्ही हातांनी मधे वीतभर फट धरली.

"वळ. एवढ्यातच बघ."

निदाल वळला आणि तसाच उभा राहिला. आई नाचत उजवीकडे सरकली, तशी उम्म लैथने फटही सरकवली. मग डावीकडे. तिचे दंड भरून आले.

"आवाज..." तो कसाबसा म्हणाला.

"नाही, बाळा. त्यात बाकीच्याही आहेत."