सहा तासांची फुंकर

गोदामाबाहेर सकाळी सातलाच रांग लागायची, आणि त्या रांगेत कुणी बोलायचं नाही. गालाला रुमाल बांधलेली माणसं भिंतीकडे तोंड करून उभी असत. बोललं की दाढ ठणकते, हे एक कारण. दुसरं कारण आत बसलेल्या फुंकरबुवांनी दिलेलं होतं. त्यांचं म्हणणं, दाढ किडीनं दुखतच नाही. तुम्ही कुणाला तरी टाकून बोललात, तो शब्द दाढेत रुतून बसलाय, मी तो फुंकरीनं उडवतो. आता उभ्या जन्मात कुणाला टाकून बोलला नाही असा माणूस दाखवा! बुवांचं निदान चुकणार कसं?

विधी सोपा होता. करडी भुकटी चिमूटभर पाण्यातून घ्यायची, बाकावर डोळे मिटून बसायचं आणि ज्याला दुखावलं त्याची मनात माफी मागायची. वाळूचं घड्याळ उलटलं जाई. अर्ध्या तासानं वाळू संपली की बुवा गालावर फुंकर मारून विचारत, "आहे का शब्द?" माणूस गाल चाचपून बघे. ठणका गेलेला असे. दांडगे हमालसुद्धा तिथं ढसाढसा रडताना मी पाहिलेत.

माझं औषधांचं दुकान त्याच रस्त्यावर. थोरली बहीण मागच्या गल्लीत शिवणकाम करते. तिची खालची दाढ सडली, तेव्हा ती आधी माझ्याकडेच आली. दाढेच्या ठणक्यावर नेहमीच्या गोळ्यांत आयब्युप्रोफेन जास्त गुण देते, कारण ती दुखण्याबरोबर सूजही कमी करते. पण ती पोटाच्या अस्तराला बाधते, आणि ताईला दोन वर्षांपूर्वी पोटात व्रण झाला होता. तिला ती गोळी कायमची वर्ज्य. म्हणून मी पॅरासिटामॉल दिली. ही पोटाला सोसते, पण एकटी कधी कधी तोकडी पडते. ठणका निम्मा राहील, उद्याच दाताच्या डॉक्टरकडे जा, असं मी बजावलं.

ती गेली नाही. शाळेचे चाळीस गणवेश शिवायचे होते, आणि दात काढायची भीती होतीच. तिसऱ्या दिवशी ती बुवांच्या बाकावर जाऊन बसली. संध्याकाळी दुकानात आली ती हसत. म्हणाली, "तुझ्या गोळीनं जे झालं नाही, ते एका फुंकरीनं झालं."

मी विचारलं, फुंकर किती वेळ टिकते? सहा तास, ती म्हणाली, मग शब्द परत येतो, म्हणून बुवा घरी घ्यायला पुड्या देतात. तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. दर सहा तासांनी घ्या, हे तर माझ्या दुकानातल्या गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं असतं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि ताई इतक्या दिवसांनी हसत होती. मी पुडी न बघताच गिऱ्हाइकाकडे वळले. त्याची बोच अजून जात नाही.

पुढचे पाच दिवस ताई मशीनवर बसून राहिली. ठणका नव्हता, पण जबड्याखाली गाठ येत होती. चौथ्या दिवशी ती लिंबाएवढी झाली, गरम आणि टणक. ताईनं ती पदरानं झाकली. बुवांनी सांगितलं होतं की शब्द बाहेर पडताना गाठ येतेच. पाचव्या दिवशी दुपारी ती मशीनवरच कोसळली. चेहरा कागदासारखा पांढरा. भाचीनं सांगितलं की दोन दिवस आईला डांबरासारखी काळी शौचाला होतेय.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठली वेदनाशामक गोळी चालू आहे? कुठलीच नाही, ताई म्हणाली. मी तिच्या पिशवीतून पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

पोटातला व्रण पुन्हा फुटून रक्त वाहत होतं. ताईला तीन बाटल्या रक्त चढवलं. दाढ काढून जबड्यातला पू काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर सूज श्वासनलिकेवर आली असती. शुद्धीवर आल्यावर तिनं माझा हात धरला. "सासूबाई जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना बोलले होते. तेच रुतलं होतं ना?"

"पू होता, ताई. शब्द नव्हता."

पाच दिवस ती पुडी घेऊन मनात मेलेल्या सासूची माफी मागत होती, आणि पोटात रक्त वाहत होतं.

इस्पितळानं तपासायला पाठवलेल्या पुडीचा अहवाल आला : आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, दोन्ही कुटून लाकडाच्या राखेत मिसळलेल्या. दोन्ही एकत्र घेतल्या तर ठणका खरोखरच छान उतरतो. म्हणूनच हे मोजून घ्यायचं, माणूस बघून द्यायचं औषध. बुवांच्या चिमटीत कधी एक गोळी, कधी तीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रस्त्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई आणि मी गोदामात गेलो. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "आज भुकटी नको. नुसती फुंकर मारा."

बुवांनी सांगितलं की भुकटी हे श्वासाचं वाहन आहे, वाहनाशिवाय श्वास पोचत नाही, अविश्वासानं श्वास जळतो. रांगेत तिसरा असलेला गवंडी पुढे आला. म्हणाला, माझा विश्वास आहे, माझ्यावर करा. सगळ्यांसमोर नाही म्हणणं बुवांना जमेना. घड्याळ उलटलं. गवंडी डोळे मिटून बसला, त्याचे ओठ हलत होते. साठ माणसं श्वास रोखून वाळूकडे बघत होती. वाळू संपली. बुवांनी फुंकर मारली, आणखी एक मारली.

"आहे का शब्द?"

गवंड्यानं गालावर हात ठेवला. "ठणकतंय. होतं तसंच."

मी अहवाल वाचून दाखवला. मागच्या खोलीत पोतंभर गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एक खलबत्ता निघाला. पोलीस आले तेव्हा रांगेतली एक बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, पण मला बरं वाटलं होतं. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "वाटणारच. औषध खरं होतं. खोटी होती ती फुंकर."

त्या आठवड्यात बाईंच्या दवाखान्यात गाठी आलेले एकोणीस जण आले. एकाचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. तो वाचला. जे आलेच नाहीत त्यांचं काय झालं, ते मला माहीत नाही.

आणि माझ्या दुकानात लोक येऊन म्हणू लागले, बुवांच्या त्या दोन गोळ्या द्या. मी प्रत्येकाला आधी विचारते, पोटात व्रण आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, गोळी घेणारी गरोदर आहे का. काही जण चिडतात. म्हणतात, बुवा इतकं विचारत नव्हते.

नव्हतेच विचारत. म्हणून सांगते. तुम्हाला बरं करणारा माणूस काही विचारत नसेल, पुडीत काय आहे ते सांगत नसेल, तर उठून बाहेर या. चांगली गोळीसुद्धा फक्त ठणका थांबवते, दाढेतला पू थांबवत नाही. तिनं मिळालेले सहा तास डॉक्टरकडे जाण्यासाठी असतात.