जिवलीचं बियाणं

सिद्धगडाच्या पायथ्याच्या नामाला कुणी शहाणा म्हणावं, असं त्यानं उभ्या जन्मात काही केलं नव्हतं. पण बायकोवर त्याचा भारी जीव, हे पाड्यात कुणालाही विचारा. जिवली गेली आणि तिच्या हातचं, जितंजागतं असं घरात एकच उरलं. ते म्हणजे तिच्या भाताचं बियाणं. लाल कुसाचं, बुटकं भात. लग्नात माहेराहून आणलेलं ते बी तिनं दर साली लोंबी लोंबी निवडून राखलं होतं. बाकी पाडा कधीच बाजारच्या बियाण्यावर गेला. नामाला कुणी हसलं, तर तो म्हणायचा, "हसा. हे हाय तवर ती हाय."

दोन हजार चारच्या दिवाळीत खळ्यावर अवकाळी पाऊस कोसळला आणि बियाण्याची दोन्ही पोती भिजली. ऊन म्हणून पडेना. नामाचा मुलगा किशोर मुरबाडला बियाण्यांच्या गोदामात कामाला होता. तो म्हणाला, "बाबा, मशिनीची ऊब हाय तिथं. घेऊन ये."

आठवडाभर गोदामात दुसरं काही नव्हतं, मालकानंही हरकत घेतली नाही. किशोरनं बी चाळणीच्या फळ्यांवर पातळ पसरलं आणि बापाला सगळं दाखवलं. भिंतीपलीकडं तुसाची भट्टी, तिच्या तापल्या नळावरून ऊब आत येते. वर भिंतीत दोन भोकं. एकातून आतली दमट हवा बाहेर जाते, दुसऱ्यातून बाहेरची कोरडी आत येते. मधे पत्र्याची पेटी. त्या पेटीत बाहेर जाणारी हवा आपली ऊब आत येणाऱ्या हवेला देऊन जाते, म्हणून तूस कमी जळतं.

"म्हंजे ऊब इथंच ऱ्हाते, ओल तेवढी जाते," किशोर म्हणाला. "तू भट्टीत तूस घाल. बाकी कशाला हात लावू नको."

हे सांगून तो शहापूरला पळाला. त्याची बायको रविना तिथं दवाखान्यात अडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या दुकानात फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. नामाला काय आनंद झाला म्हणता! आणि लगेच रडूही आलं. जिवली असती तर तिनं बाळंतिणीची खोली कशी राखली असती! कुडाच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, शेगडी ठेवायची, वाऱ्याचं बोट लागू द्यायचं नाही. किशोरच्या वेळी तिच्या आईनं तसंच केलं होतं.

डोळे पुसत तो गोदामात आला. शिडी लावून वर भोकाशी हात धरला, तर ऊबट हवा भसाभस बाहेर चाललेली. दुसऱ्या भोकातून वारा आत. ओलं अंग, आणि वर वारा? पोरगा शिकला, पण बाळंतपण त्याला काय कळणार!

झालं. त्यानं दोन्ही भोकांत गोणपाटाचे बोळे घट्ट ठोकले. भट्टीत तूस वाढवलं. मायेनं केलं हो सगळं. मायेला कुठं अक्कल असते!

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी किशोर पेढे घेऊन आला. दार उघडलं, तर आतून आंबूस वाफ तोंडावर आली. छताच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. बी काळवंडलेलं, हाताला चिकट. त्यानं वर पाहिलं आणि पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"बाबा, कुणी केलं रे?"

"मी. वारा लागत व्हता तिला."

किशोर बापावर ओरडणार होता. पण बाप "तिला" म्हणाला, तसा तो शिडी चढला आणि त्यानं दोन्ही बोळे उपसून काढले. त्यानं मूठभर बी भिजवून फडक्यात बांधलं. चार दिवसांनी सोडलं, तर एकाही दाण्याला मोड नव्हता. नामा पुन्हा पुन्हा भिजवत राहिला.

मग तो जिवलीच्या माहेरी जाऊन आला, आसपासचे पाडे पालथे घातले. कुणाकडं मूठभरही निघालं नाही. शेवटी जेठात त्यानं तेच मेलेलं बी राबात, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, फेकलं. किशोरनं बाजारचं आणून ठेवलेलं पोतं त्यानं उघडलंसुद्धा नाही.

पाऊस लागला. सगळ्यांचे राब हिरवेगार झाले, नामाचा काळा तो काळाच. रोज सकाळी तो बांधावर बसून माती निरखायचा. कुणी टिंगल केली नाही.

आवणीला, म्हणजे रोपं लावायच्या वेळी, पाड्यातल्या बायका आपणहून आल्या. आमच्याकडं रोपं उरली की अडलेल्याला देतात. बाईजानं चार मुठे आणले, गोजरनं सहा, कुणी दोन. कुणाचं भात कुठलं, कुणाचं कुठलं. "दाजी, रान पडीक नाय ऱ्हाऊ द्यायचं आमी," बाईजा म्हणाली. दिवेलागणीच्या आत सगळं खाचर भरलं.

बायका घरी गेल्या. किशोर आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन बांधावर आला. "बघ बाबा, भरलं की रे रान."

नामा गुडघाभर चिखलात एकेका रोपापाशी वाकत होता, पात हातात धरून बघत होता, सोडून पुढं जात होता. पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. मग तिथंच मटकन बसला आणि पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"समद्यांचं हाय रे पोरा," तो म्हणाला, "तिचं तेवढं नाय."