तिसऱ्या हाकेपर्यंत

वॉरंट रद्द झालं आणि कारभारी सुटला.

हे झालेलंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता कुठं सकाळ होती, आणि त्याच्या उजव्या अंगठ्याला कोर्ट फीचं तिकीट चिकटलेलं होतं — अर्जावर लावायचं म्हणून त्यानं जिभेवर ओलं केलं, तर ते अर्ज सोडून अंगठ्यालाच धरून बसलं, आणि ओढलं की कातडी सोबत यायला निघत होती. तिकिटावरचे तीन सिंह त्याच्याकडं बघत होते. चौथा मागं असतो म्हणतात, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला… तो काय बघत असेल.

"फाडू नका," वकील तात्यासाहेब म्हणाले. "दुसरं आणायला तुम्हाला जाता येणार नाही."

"का?"

"हजर झालात ना आता तुम्ही. हजर आरोपी, वर वॉरंट. हुकूम होईपर्यंत या दाराबाहेर पाय टाकायचा नाही. लघवीला जायचं तरी शिपायाला विचारून." त्यांनी अंगठ्यासकट तिकीट अर्जावर दाबलं, थोडं थांबले आणि अंगठा हलकेच सोडवून घेतला. तिकिटावर अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या. म्हणजे माझा एवढा भाग दाखल झाला, त्याला वाटलं, उरलेला मी अजून बाकावरच आहे.

आज शुक्रवार. उद्यापासून कोर्टाला दिवाळीची सुट्टी. न्यायाधीश मॅडमनी आज वॉरंट रद्द केलं नाही तर दिवाळी हर्सूलला, आत. तुरुंगात पहिल्या आंघोळीला उटणं देतात का, हे त्यानं काल फोनवर शोधलं होतं, आणि बायकोच्या, आशाच्या, नजरेला पडू नये म्हणून पुसूनही टाकलं होतं. उटण्याचं एवढं नाही. पण आत जाऊन आलेल्या कारकुनाची खुर्ची कचेरीत रिकामी राहत नाही, आणि आशाला काय सांगायचं — की दोन हाका ऐकू आल्या म्हणून?

"मागच्या तारखेला गैरहजर का, ते लिहावं लागतं," तात्यासाहेबांनी पेन उघडलं. "जुलाब लिहू, का एसटी बंद पडली लिहू?"

"मी गैरहजर नव्हतो."

"पुन्हा तेच."

"इथंच होतो साहेब. त्या खांबाला टेकून."

"मग पुकारा झाला तेव्हा तोंड का उघडलं नाही?"

"दोनदाच झाला."

तात्यासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. माणूस वेडा असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो, त्याची फी वेगळी, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. "जुलाब लिहितो," ते म्हणाले. "आणि आज पहिल्या हाकेला उठायचं. दुसरीची वाट बघितली, तर मी तुमचा वकील नाही."

ते दुसऱ्या कोर्टात गेले. कारभारी बाकावर राहिला, आणि बाकासोबत ते वाक्य राहिलं. पहिल्या हाकेला… तो लहान असताना सगळं बिऱ्हाड मेंढरं घेऊन सिल्लोडच्या अंगानं उतरायचं, कापणी झालेल्या रानात जाळं लावून मेंढरं बसवायचं, आणि दिवस बुडायच्या सुमाराला, आभाळ आणि जमीन एका रंगाची झाली की, आई — बानाबाई — त्याचा दंड धरून सांगायची, कुणी नाव घेतलं तर बोलायचं नाय. ते आपल्या माणसाच्या आवाजात बोलावतं. पण दोनदाच. तिसऱ्यांदा नाव घ्यायचं त्याला जमत नाय. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, लेकरा. आधी दिली की मग आपण आपले राहत नाय, जो बोलावंल त्याचे होतो. म्हणून घरात सगळे एका दमात तीनदा हाक मारायचे, आणि आसपासच्या लोकांना वाटायचं ही सगळी बहिरी आहेत. पहिलीत तो वर्षभर गैरहजर होता, पहिल्या बाकावर बसून. हजेरीत नाव एकदाच घेतात. आशा लग्न होऊन आली तेव्हा एकदाच 'अहो' म्हणायची, तर पहिलं वर्षभर रोज जेवण गार झालं. मग तिला कळलं, आणि आता तीही तीनदा म्हणते, तिसऱ्यांदा दात खाऊन.

मी अडाणी नाही. आवक-जावकाचे शेरे लिहितो, फोनवरून वीजबिल भरतो. दोन हाका मारणारं काही नसतं, हे मला माहीत आहे. पण ओ गळ्यातून येते आणि गळ्याला कुणी सांगायचं… मागच्या तारखेला व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होतो, शिपायानं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. तोंडात ओ तयार होती, जिभेवर, गोळीसारखी. तिसरी आली असती की दिली असती. तेवढ्यात शिपायाला ठसका लागला आणि तो आत पाणी प्यायला गेला. मी संध्याकाळपर्यंत तिसरीची वाट बघितली. आत कुणीतरी लिहिलं, आरोपी गैरहजर, वॉरंट काढावं.

ते समजलं कसं, तर फिर्यादीकडून. वॉरंट घेऊन हवालदार गावी, पिशोरजवळच्या वाडीवर गेला, दारात दोन हाका मारल्या. बानाबाई आत लसूण सोलत बसली होती, ती सोलतच राहिली. घर बंद, असा शेरा मारून हवालदार निघाला आणि वाटेत नानासाहेबांच्या ओट्यावर पाणी प्यायला. नानासाहेबांनी लगेच फोन केला: "कारभारी, आरं तुझं वॉरंट निघालंय. मोबाईलवर खटल्याचा नंबर टाकून बघ. आन् लवकर काय ते कर, बाबा." नंबर नानासाहेबांना तोंडपाठ होता. फिर्याद त्यांचीच.

नानासाहेबांच्या मक्यात यांची मेंढरं शिरली, शिव्या झाल्या, मल्हाररावांनी — कारभारीच्या वडलांनी — काठी उगारली. नानासाहेबांनी फिर्याद दिली आणि तिकडच्या रीतीप्रमाणं तिच्यात आरोपी म्हणून घरातला नोकरीवाला घातला. काठीवाल्याला तारखांचं काय वाटतं, वाटतं ते रजा मांडणाऱ्याला. कारभारी त्या वेळी शहरात कचेरीत होता. मग मल्हारराव वारले. मेंढरं धाकट्या भावाकडं गेली, खटला याच्याकडं.

नानासाहेब दारातून डोकावले, बाकाच्या टोकाला येऊन बसले आणि मांडीवरचा डबा इकडं सरकवला. "धपाटे. आमच्या द्वारकाबाईनं दिलेत. तू आत गेलास तर मला घरात घेणार नाय म्हणाली."

"मग फिर्याद मागं घ्या ना नाना."

"घेतली असती रं." ते भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहिले. "पण मग शहरात यायला काय कारण सांगू? पोरं म्हणतात, तुमी बसा घरी. तारीख हाय म्हणलं की जीपचं भाडं देतात." डब्याचं झाकण काढत म्हणाले, "आन् तुझी तरी गाठ पडली असती का?"

कारभारीनं धपाटा मोडला. मिरची बरोबर होती. हा माणूस मला आत घालू बघतो आणि मी आत जाऊ नये म्हणून पहाटे उठून धपाटे आणतो. यात राग धरायला जागाच कुठं…

शिपाई दारात जाऊन नावं घेत होता. बन्सी अमुक — एकदाच, आणि बन्सी पळत आला, टोपी काढत. काकासाहेब तमुक — एकदाच, आणि आले. किती सहज देतात लोक. ज्याच्या त्याच्या तोंडून ओ निघत होती, जी, हजर, आलो, आणि माणसं पिंजऱ्यात जाऊन उभी राहत होती, जशी मेंढरं जाळ्यात शिरतात, पहिलं शिरलं की बाकीची. दर नावाला तो बाकाच्या कडेवर सरकायचा आणि दुसऱ्याचं निघालं की मागं टेकायचा. पहिल्या हाकेला नाही दिली तर हर्सूल. दिली तर… आईच्या हिशेबानं हर्सूल बरं. तिथून परत येतात.

"कारभारी मल्हारराव देवकाते."

एकदाच. आणि त्याच्या आत कुठंतरी दुसरी हाक मोजायला बोट उचललेलं असताना, त्याच्या तोंडातून ती गेली.

"ओ."

लहान होती. कुणाच्या लक्षातही आली नाही. शिपायानं पिंजऱ्याकडं हात केला. कुठून कोण जाणे तात्यासाहेब आले आणि पोटाच्या विकाराबद्दल बोलू लागले. मॅडमनी अर्ज वाचला, तिकिटावरच्या अंगठ्यापाशी किंचित थांबल्या.

"आता बरी आहे तब्येत?"

मॅडम, मी इथंच होतो. दोनदाच बोलावलं. आज एकदाच बोलावलं आणि मी…

"व्हय," तो म्हणाला.

"वॉरंट रद्द. पुढच्या तारखेला चुकायचं नाही."

तर हे झालं. सुरुवातीला नाही म्हटलं होतं, ते झालं. नानासाहेबांनी त्याचा दंड दाबला आणि जीप बघायला गेले. तात्यासाहेब म्हणाले, दिवाळी करा आता. कारभारी दाराबाहेर आला, व्हरांडा ओलांडला, पायऱ्या उतरला. अडवलं कुणी नाही. अदालत रोडवर आकाशकंदील टांगलेले होते, एक रिक्षावाला ओरडला, "चलो टेशन," आणि कारभारी म्हणाला, "ओ." रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. पलीकडून एक बाई कुणाला तरी "सरूबाई" म्हणाली. "ओ." तोंडावर हात ठेवला, तर बोटांच्या फटीतून. खिशात फोन वाजला, आशा होती, घेतला नाही, पण वाजण्यालाच ओ दिली. आता तो पायरीवर बसला. घरी जायचं तर रस्ता नावांनी भरलेला होता, आणि गावी जायचं तर आई तीनदा हाक मारील, आणि पहिलीलाच ओ गेली की तिला कळेल.

त्यानं खिशातल्या अर्जाच्या झेरॉक्सची कोरी पाठ काढली. मजकूर त्याला येत होता, आयुष्य त्यातच गेलं होतं.

विषय: ओ परत मिळणेबाबत. अर्जदार सविनय सादर करतो की, त्याने आज रोजी मे. कोर्टात पहिल्याच हाकेस ओ दिलेली असून, सदर ओ ही अर्जदाराची वडिलोपार्जित व एकमेव आहे. वॉरंट रद्द झाल्याने ती आता कोर्टाच्या कामी लागत नाही. तरी ती इतर मुद्देमालासोबत नष्ट न करता, अर्जदारास, अगर तो ओळखू न आल्यास त्याची आई बानाबाई हिचे ताब्यात परत देण्याचा हुकूम व्हावा. आणि तोपर्यंत अर्जदारास कोणीही, कोणत्याही कारणास्तव, हाक मारू नये, असा अंतरिम मनाई हुकूम व्हावा, ही विनंती.