सूर्य बुडायच्या आत

हातावर हात

"आवं मॅडम, दिवस बुडाल्यावर काय वारा खाणार हाय का पोरगी?"

आक्काताईंनी शिवांजलीच्या पुढ्यातून ताट ओढलं आणि दूधभाकरीचा घास नातीच्या तोंडात घातला. मग दुसरा. सन्मतीनं हातातला चमचा शांतपणे खाली ठेवला. तिसऱ्या घासाला तोंड आधीच उघडं होतं.

सहा वर्षांची पोर. सातव्या महिन्यात जन्मलेली, उजवा हात ताठ, मूठ आवळलेली. चमच्याच्या दांड्यावर शिवांजलीनं सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली होती. खुर्चीतून लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट दिला होता. हे तिचं काम. मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. कुणी विचारलंच तर सांगायची, बटण, कंगवा, घास, रोजची कामं हातांना शिकवते. लोक म्हणायचे, म्हणजे मालिशवाल्या बाई का?

पद्धत साधी होती. आधी मुलीच्या हातावर मोठ्या माणसाचा हात. काही दिवसांनी तो मनगटावर. मग कोपरावर. आणि एक दिवस मागे. आक्काताईंचा हात पहिल्याच पायरीवर अडकला होता. मागे सरकायचा सोडून तो पुढे जायचा, थेट ताटात.

"आक्का, सोमवारी शाळेत न्यायचंय तिला," शिवांजली म्हणाली. "बाईंनी काय सांगितलंय? डबा आपल्या हातानं खाल्ला तरच दिवसभर ठेवणार."

"मंग दुपारी शिकवा की. दुपारी कुठं दिवस बुडतोय?"

"दुपारी तुम्हीच भरवता!"

"मंग काय करू? रानात माणसं लावल्याली असत्यात. ही बया आर्धी भाकरी खाईस्तवर त्यांचं आर्धं बिडीचं बंडल वढून हुतं."

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली भाग्यश्री, सन्मतीची आई, हसली नाही. ती बेदाण्याच्या शेडवरून नुकतीच आली होती, हातांना अजून गंधकाचा वास होता. जूनपासून शाळेची दारं अशीच अर्धी उघडी होती. दहाला सोडायची, बाराला आणायची. मधे शेडवरून पळत यायचं, पळत जायचं. सोमवारी जमलं नाही तर मुकादम दुसरी बाई बघणार होता.

"आत्या, चारलाच बसवूया का तिला?" तिनं सासूला विचारलं.

"बसीव. मागल्या आठवड्यात बसवली हुतीस की. काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. चारला वाढलेलं ताट दिवस मावळेपर्यंत तसंच होतं.

मनगटावर

नेम आक्काताईंनी मिरजेत घेतला होता. दवाखान्याच्या जिन्यात. वर काचेच्या पेटीत नात होती, तळहाताएवढी, नाकात नळ्या. खाली आक्काताई उन्हात तापलेल्या पायरीवर बसून पद्मावतीदेवीला सांगत होत्या.

"पोरगी जगली तर माझ्या उंबऱ्याच्या आत दिवस बुडाल्यावर कोण घास खाणार न्हाई. म्हातारं न्हाई, पोर न्हाई, पावना न्हाई. असं बोलले. पोरगी जगली."

तशी त्या जैन घरात रात्री जेवायची पद्धत आधीपासून नव्हतीच. पण लहान लेकरांना, आजाऱ्याला सूट असते. आक्काताईंनी ती सूटही काढून टाकली होती.

"आणि धरणेंद्रदादा?" शिवांजलीनं विचारलं. त्यांचा मुलगा दुधाचा टेम्पो घेऊन उशिरा घरी यायचा.

"त्यो भाईर काय गिळतो ते त्येचा देव बघंल. उंबऱ्याच्या आत न्हाई."

"तिला कळतही नाही आक्का, नेम काय ते."

"तिला कशाला कळाय पायजे? जिच्याम्होरं बोलले तिला कळलंय." आक्काताईंनी नातीचं तोंड पदरानं पुसलं. "नेम मोडला आन हिला काय झालं, तर तुमी येणार काय गुरवारच्या यष्टीनं?"

शिवांजलीनं चमच्यावरची रबरी मूठ पुन्हा घट्ट बसवली.

"तुमाला पोरं हायत न्हवं?"

"एक. मुलगा. कोरेगावला असतो, सासूबाईंकडं."

"त्येला भरवता?"

"नाही," शिवांजली म्हणाली. "आपल्या हातानं खातो."

कोपराला दोन बोटं

वीरधवल आपल्या हातानं खायचा. रविवार ते शुक्रवार.

शनिवारी रात्री ती कोरेगावला पोचली की तो तिच्या मांडीला मांडी लावून बसायचा, हात पाठीमागं घ्यायचा आणि तोंड उघडायचा. ती भरवायची. दुसरीतल्या मुलाला. नवरा उदयसिंह सीमेवर, ती सांगलीत एका खोलीत, पोरगा कोरेगावात. बदली मागावी तर उदयसिंहच्या हातात नाही. नोकरी सोडावी तर तिकडं मुलांचं असं थेरपी सेंटरच नाही. तिघांचं घर तीन ठिकाणी आणि एकालाही हलता येत नव्हतं. शनिवारचा घास तेवढा होता.

या शनिवारी ती गुरुवारच्या फेरीखेरीज समडोळीला, आक्काताईंकडं, आली. सोमवारच्या आधी एकदा. साडेसहाची एसटी मिळाली तर पुढची कोरेगावची गाडी गाठता येणार होती.

सन्मतीच्या कोपराला दोन बोटं लावून ती बसली. चमचा भरला. उचलला गेला, अर्ध्यावर थांबला. हात थकला नव्हता. बोटांना ते कळत होतं. थकलेला हात जड होतो, हा हलका होता. शिवांजलीनं वर पाहिलं. सन्मती ताटाकडं बघतच नव्हती. ती भिंतीकडं बघत होती.

खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन भिंतीवर चढत होता. आता तो कपाटाच्या वर होता. मग कॅलेंडरच्या कडेला लागला. लागला, तशी सन्मतीनं चमचा खाली ठेवला आणि तोंड उघडलं. आक्काताई अजून चुलीपाशीच होत्या.

शिवांजलीनं बोटं काढून घेतली.

पोरगी हळू नव्हती. पोरगी वाट बघत होती. ऊन तिथं पोचलं की आजीचा हात येतो, हे ती घड्याळ नसताना शिकली होती.

"आक्का, इकडं या. तिच्यासमोर बसा. हात मांडीखाली घ्या."

"आन?"

"आणि काढू नका."

"दिवस बुडाला तर?"

"तर तिचं जेवण झालं."

"उपाशी निजंल?"

"आज एक दिवस."

"तुमाला बोलायला काय जातंय ओ." पण आक्काताईंनी भाग्यश्रीकडं पाहिलं.  ती पिवळी पडलेली बोटं पदराला पुसत राहिली. आक्काताई हळूहळू खाली बसल्या. स्वतःचं वाढलेलं ताट पुढ्यात, दोन्ही हात मांडीखाली.

हात मागे

"आज्जी."

"खा बाय तू."

"आज्जी, आ."

उघडं तोंड. चौकोन कॅलेंडरवर. मग कॅलेंडरच्या वर. मग तांबडा. बाहेर सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला.

"आत्या, तुम्ही तरी खावा," भाग्यश्री पुटपुटली.

आक्काताईंनी मान हलवली. खायचं तर हात काढावा लागला असता.

सन्मती रडली. मोठ्यानं, अंग ताठ करून. पाट पायाखालून सटकला. कुणी उठलं नाही. भिंतीवरचा चौकोन फिकट झाला, आणि कुठं संपला ते नीट कळलं नाही. रस्त्यावर एसटी थांबली, निघाली. शिवांजलीनं तिचा आवाज वळणापर्यंत ऐकला.

दिवस बुडाला.

रडणं थांबलं. खोलीत कुणाचा चेहरा दिसेना. आणि मग टक्. चमचा स्टीलवर वाजला.

 पुन्हा टक्. ओढत नेल्याचा आवाज. गिळल्याचा आवाज.

भाग्यश्रीचा हात दिव्याच्या बटणाकडं गेला.

"लावू नगं," आक्काताई म्हणाल्या.

त्यांचा हात मांडीखालून निघालेला शिवांजलीला अंधुक दिसला. आता ताट ओढतील, तिला वाटलं. तिनं ओठ दाबून धरले. हात चाचपडत पुढे आला, झाकणावर पडला, ते आक्काताईंनी स्वतःच्या भरल्या ताटावर ठेवलं.

"माझं झालं," त्या पद्मावतीला म्हणाल्या.  "तिचं तिच्या हातानं हाय. ते माझ्याकडनं न्हाई. बघून घे बाई तू."

आणि हात परत मांडीखाली गेला.

शिवांजलीच्या मांडीवर फोन उजळला. कोरेगाव. आता वीरधवल हात पाठीमागं घेऊन बसला असेल. सगळ्या खोलीत तेवढाच उजेड होता. सन्मतीचा चमचा थांबला.

शिवांजलीनं फोन उलटा केला आणि त्यावर तळहात दाबला. तळहाताखाली तो थरथरत राहिला, मग थांबला.

काही वेळानं चमचा पुन्हा वाजला. अर्धं फ्रॉकवर सांडत असणार. कुणालाच दिसत नव्हतं.